वास सुटला का गं?

अलीगंज, लखनौ
१६ नोव्हेंबर २०२५

ति. उल्काताईस,
विनूचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. इकडे थंडी सुरू झाली आहे. सकाळी अंगणापलीकडचं दिसत नाही आणि यांचा खोकला नेमाने हजर. आमच्या हृषीकेशला अमौसीच्या विमानतळावर रात्रपाळी असते, म्हणून दिवसभर घरात कुजबुजत बोलायचं. सावनी आठवीत आहे. आजीचं मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

माझं अक्षर बारीक आलंय, चष्मा लावून वाच. कागद वाचवत नाहीये. फोनवर तू 'बरी आहेस ना' विचारतेस आणि मी हो म्हणून मोकळी होते, म्हणून लिहायला बसले.

तू आईच्या भाजणीचं प्रमाण मागितलंस. तर घे. तांदूळ चार वाट्या, हरभराडाळ दोन, ज्वारी आणि बाजरी दोन-दोन, उडीदडाळ एक, गहू अर्धी, मूठभर धने आणि त्याच्या निम्मे जिरे. इथे ज्वारी मिळवणं म्हणजे एक दिव्यच असायचं. लग्न होऊन आले तेव्हा निशातगंजच्या दुकानदाराने मला विचारलं होतं, "भैंस पाली है क्या, भाभीजी?" आता तीच ज्वारी चकचकीत पुड्यात येते आणि तो मला तिचे गुण समजावतो.

प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, मंद आचेवर. किती वेळ, ते आईने कधी सांगितलं नाही. वास सुटला की उतरवायचं, एवढंच. शेंगोळ्यांचं कुळथाचं पीठ, मेतकूट, डाळीचे लाडू, तिची कुठलीही कृती घे, शेवटी माप एकच. इथेच माझं गाडं अडलंय, ताई. मला वास येत नाही.

सर्दी म्हणून मी वर्षभर दुर्लक्ष केलं. मग गौरी आल्या. यांच्या संस्थेतली जुनी मराठी घरं आणि एअर फोर्समधल्या दोघी-तिघी आमच्याकडेच जेवायला असतात. पुरण मी शिजवलं. नैवेद्याचं, म्हणजे चाखायचा प्रश्नच नाही. आजवर नाकावर विसंबून केलं, कधी चुकलं नाही. आरती झाली, पानं वाढली. सगळे मान खाली घालून जेवले, छान झालंय म्हणाले. यांनी तर पोळी पुन्हा मागून घेतली. हात धुताना सावनी म्हणाली, "आजी, पूरण जल गया था क्या?"

तळाला लागलं होतं. साऱ्या पुरणाला करपट वास होता, आणि प्रसादाला नावं ठेवू नयेत म्हणून इतकी माणसं ते निमूट गिळत होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. देवीपुढे करपलेलं ठेवलं याची वेगळीच टोचणी.

दुसऱ्या दिवशी हे कपाटातून त्यांच्या कुप्या घेऊन आले. तुला माहीत आहे, यांची सगळी नोकरी सुगंधी गवतं आणि त्यांची तेलं यात गेली. मला डोळे मिटायला सांगितलं आणि एकेक कुपी नाकाशी धरली. मी अंदाजाने गुलाब म्हटलं, मग लवंग म्हटलं. डोळे उघडले तेव्हा यांच्या हातात खस होतं, म्हणजे आपला वाळा. चाळीस वर्षं ज्या वासाचे यांचे शर्ट मी धुतले, ते खस. यांनी बूच लावलं आणि म्हणाले, "विनीता, डॉक्टरकडे जाऊ या."

डॉक्टरांनी नाक पाहिलं, मग मला चालायला लावलं, बोटं हलवायला लावली, कागदावर नाव लिहायला लावलं. कंपवाताची सुरुवात आहे म्हणाले. उजव्या हाताचा अंगठा कधीकधी आपला आपण हलतो, ते मी कुणाला दाखवत नव्हते. बऱ्याचदा वास आधी जातो म्हणे, हात मागाहून थरथरायला लागतात. औषध सुरू आहे. मी भिते, ताई. अंगठ्याला नाही इतकी या आंधळ्या नाकाला भिते. सुनेने गॅसची जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे. प्रेमानेच, पण माझ्या ओट्याशी मी पाहुणी झाले.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "परिवार में किसी को था?" मी नाही म्हटलं. परतताना रिक्षात मला आई आठवली. आपल्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवायची, पाठमोरी भाजत राहायची आणि विचारायची, "उल्के, विने, वास सुटला का गं?" आपण आधी कोण ओरडेल म्हणून भांडायचो. आई आपल्याला शिकवते आहे असंच मी आजवर धरून चालले होते. आता वाटतं, ती शिकवत नव्हती, विचारत होती. पुढे तिचे हात थरथरायचे, चहा बशीत सांडायचा, त्याला आपण म्हातारपण म्हणालो. पाटावर बसून ती एकटी केवढं सांभाळत होती. आणि भाजणीचा तो वास, ज्यासाठी तू पत्र लिहिलंस, तो तिने स्वतः कधी घेतला होता की नाही कोण जाणे.

आता जे लिहायला एवढं लांबण लावलं ते लिहिते. तू लिहिलंस, "काही केल्या आईसारखा वास येत नाही, प्रमाणात काहीतरी चुकतंय." प्रमाण तेच आहे, ताई. तुझंही हेच असणार, मी नवीन काही सांगितलेलं नाही. हे म्हणतात, कुणाचंही नाक वयाने मंदावतं, लगेच घाबरवू नकोस. तसंच असो. जगदंबेला मी तेच मागते आहे.

पण एवढं कर. उद्या तुझ्या लेकाला, धनंजयला उंबऱ्यावर बसव. कढईत धने टाक, त्याच्याकडे पाठ कर आणि भाजत राहा. वास सुटला का, ते त्याला विचार. तो हो म्हणेल तेव्हा तुला वास आला की नाही ते मला लिही. खरं लिही. प्रसादाला म्हणतात तसं छान म्हणू नकोस.

मी वाट पाहते आहे.

तुझी
विनू