लाल गाडीची नवी बॅटरी

३ नोव्हेंबर, सोमवार

उरण फाट्यावर आमची स्कूटर बंद पडायची. नेहमी तिथेच! लग्नाचं पहिलं वर्ष. मी उतरायला लागले की बाळाराम म्हणायचा, "तू बस गो. मी हाय ना ढकलायला." मी हँडल धरून ऐटीत बसलेली, तो मागून ढकलतोय, आणि समोरून येणाऱ्या मासळीवाल्या तोंडाला पदर लावून हसताहेत. विशेष काही नाही त्यात. पण आज दिवसभर तेच आठवतंय, कारण लाल गाडी सुरू झाली नाही. किल्ली फिरवली — टक्. पुन्हा टक्. मग तेही नाही.

बाळाराम जाऊन चार वर्षं झाली. हिला ढकलायला कोणी नाही.

४ नोव्हेंबर

जेवताना हितेश म्हणाला, आई, आता विकूया. माझा मुलगा इतका शांतपणे बोलला की समजायचं, त्याचं आधीच ठरलंय. सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग. तिथे माझी दोन सीटची, उघड्या छपराची गाडी झाकून उभी, आणि त्याची मोठी गाडी रस्त्यावर. परवा टँकरने तिचा आरसा उडवला. त्याचंही चूक नाही. सुनेने — अर्पिताने — भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं फक्त.

"महिन्यातून एकदा काढतेस. साधी बॅटरी टाकू, गिऱ्हाइकाला चालू करून दाखवण्यापुरती."

दाखवण्यापुरती! मयताला पावडर लावतात तशी.

मी म्हटलं, बॅटरी मी आणणार. चालवण्यापुरती.

६ नोव्हेंबर

बॅटरी डिकीत, आणि डिकी बॅटरीवर उघडते! काय म्हणावं बनवणाऱ्यांना. गाडीचं पुस्तक घेऊन बसले. शाळेत सिस्टर फिलोमिना सांगायच्या, प्रश्न दोनदा वाचा. दोनदा वाचलं. रिमोटच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली लपवलेली असते. तिने उघडली. आत वाकून सगळं टिपून घेतलं: लांबी, रुंदी, प्लसचं टोक कुठल्या बाजूला, वायू बाहेर सोडणारी बारीक नळी कुठे जाते ते.

हितेशला सांगितलं नाही. त्याला वाटतंय डिकी अजून बंदच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

हितेशने न विचारता साधी बॅटरी आणली. माझी डिकी उघडी बघून जरा वरमला. प्लसचं टोक उलट्या बाजूला, वायर पोचेना. नळी जोडायला जागाच नाही.  तो ती तशीच उचलून परत देऊन आला आणि संध्याकाळी कमर धरून बसला. वाईट वाटलं. मलम चोळून दिलं.

चोळता चोळता म्हणाला, "पप्पांची आठवण म्हणूनच ना? एक मोठा फोटो करून लावू त्यांचा."

सगळ्यांना असंच वाटतं. पप्पांची गाडी!

माझ्या बापाचं मिठागर सरकारने घेतलं तेव्हा भावांनी माझ्यापुढे हक्कसोडीचा कागद ठेवला. बहिणी सही करतातच, विचारायचीही पद्धत नाही. मी केली नाही. दोन वर्षं माहेरी कोणी बोललं नाही माझ्याशी. मग मोबदल्याच्या प्लॉटवर इमारत झाली, माझ्या वाट्याला उलव्याचा गाळा आला, आणि गाळ्याच्या भाड्यातून ही गाडी. सेकंडहँड, पण माझी. बाळारामला तर ती धड चालवताही यायची नाही. शेजारच्या सीटवर बसून शेंगा खायचा आणि टरफलं माझ्या हातात द्यायचा — गिअर बदलताना!

१२ नोव्हेंबर

पनवेलला बॅटरीच्या दुकानात गेले. मालक बाबासो, साताऱ्याकडचे. गाडीचा फोटो बघून म्हणाले, "काकी, हिला बॅटरी नको, गिऱ्हाईक बघा."

म्हटलं, गिऱ्हाईक समोर उभं आहे. हसले. चहा सांगितला.

मग लिथियमची काढून दाखवली. इतकी हलकी की मी एका हातात उचलली. फार मोह झाला! पण तिचं चार्जिंग वेगळं, गाडीच्या पुस्तकात तिचं नावही नाही. मी पुस्तकात लिहिलेल्या एजीएम बॅटरीवर अडून बसले. त्यात अ‍ॅसिड सांडायचं भय नाही, नळी जोडता येते, प्लस बरोबर बाजूला. मोठ्या वॉरंटीची घेतली. वॉरंटीचं कार्ड भरताना बाबासोंनी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. आणि शिक्का मारला. बरं झालं.

निघताना म्हणाले, "पर सांगून ठेवतो. उभी गाडीबी बॅटरी खाती. घड्याळ, अलार्म, लॉक. चालवत न्हाई, तर भारीतली बॅटरीबी मरती. पार्किंगात प्लग हाय का?"

नाही. तरी छोटा चार्जर घेतला, कायम जोडून ठेवायचा.

१४ नोव्हेंबर

सुरू झाली!! पहिल्या किल्लीला! अख्ख्या पार्किंगमध्ये आवाज घुमला.

अर्पिता ऑफिसची पर्स घेऊन खाली आली. "आई, मी बसू?" पाम बीच रोडने छप्पर उघडं टाकून बेलापूरपर्यंत नेलं तिला. ऑफिसला उशीर झाला. केसांचा पार झाडू झाला होता. उतरताना म्हणाली, ह्यांना सांगू नका.

१७ नोव्हेंबर

सेक्रेटरी राजवर्धन माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण हात मागे बांधून उभे राहतात. "काकू, पार्किंगमध्ये प्लग नाही देता येणार. लाइट सोसायटीच्या मीटरवर आहे. उद्या सगळे मागतील." म्हटलं, माझा वेगळा मीटर बसवा, बिल मी भरते. "जनरल बॉडीपुढे ठेवू." म्हणजे पुढचं वर्ष.

चार्जर खोक्यातच.  हितेशने नुसतं "बघ आता" असं बघितलं.

१९ नोव्हेंबर

गाडी उभ्याउभ्या खातेय. मीही.

२१ नोव्हेंबर

उलव्याचा फरशीवाला महिनाअखेर गाळा सोडतोय. हितेश लगेच फोनवर, नवा भाडेकरू बघायला. आज एकटीच जाऊन आले. मागे मोरी आहे. खिडकीतून वारा येतो. भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभी होते.

हितेशला म्हटलं, थांब जरा.

२३ नोव्हेंबर, रविवार

उद्या सगळ्यांना सांगेन. आधी इथे लिहिते, म्हणजे आवाज कापणार नाही.

हा फ्लॅट आणि खालचं पार्किंग हितेशला. पाटल्या अर्पिताला, आत्ताच, मी मेल्यावर नव्हे. पुस्तकांचं कपाट नात मनस्वीला, कुलपासकट. देव इथेच राहतील, त्यांना सवय आहे.

उलव्याचा गाळा मला. मध्ये भिंत घालायला गवंडी सांगितलाय. पुढे गाडी, मागे माझा पलंग. मीटर माझ्या नावावर आहे.