शेवटच्या हाताचं पाणी

अणदूर,
२ खुर्दाद १३५३ फसली (एप्रिल १९४४)

प्रिय शिवलिंग,

तुझ्या अक्काला माती देऊन तू घोटभर पाणीही न घेता दुपारच्या मोटारीनं सोलापूरला परत गेलास. चढताना मला एवढंच विचारलंस, "दाजी, अक्कानं शेवटी माझं नाव तरी घेतलं का?" मी खाली बघत राहिलो. त्याचा अर्थ तू काय लावला असशील ते मला कळतं. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र लिहितो आहे. माझं शिक्षण उर्दू शाळेतलं, मराठीत लांब पत्र लिहायची सवय नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

मोटारी धुण्याचं काम चालू आहे. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, हैदराबाद रस्त्याच्या सगळ्या मोटारी आता कोळशाच्या गॅसवर चालतात, त्यामुळे काजळी फार. सकाळी दोन, दुपारी एक मोटार येते. मी एकटाच धुतो. घरी येऊन भाकरी करतो, ती जाड होते. दार पूर्वीसारखंच उघडं ठेवतो, पण आत कोणी नसल्यावर उघड्या दाराचं काय करावं ते समजत नाही.

पाण्याबद्दल लिहायचं आहे. काम सुरू केलं तेव्हा तू म्हणाला होतास की पंप नंतर घेऊ, आधी दोन हौद बांधू. एका हौदात विहिरीचं पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा टाकायचा, साका खाली बसला की वरचं पाणी साबणाला घ्यायचं. दुसऱ्या हौदात बोरी नदीचं पाणी बैलगाडीनं पिपातून आणून ठेवायचं आणि शेवटचा हात फक्त त्याच पाण्याचा द्यायचा. मला ते गाडी-बैलाचं लचांड वाटलं. दारात विहीर असताना नदीवर कशाला जायचं? मी हैदराबादहून पितळी पंप मागवला आणि विहिरीच्या पाण्यात तुरटी फिरवली. पाणी काचेसारखं दिसलं, मला वाटलं झालं. तुरटीनं गढूळपणा जातो, क्षार जात नाहीत, हे तू सांगितलंस ते मी कानाआड केलं.

तुझ्या अक्कानं तेव्हा एक केलं होतं, आठवतं का? दोन चुलींवर दोन भांडी चढवली, एकात विहिरीचं पाणी, एकात बोरीचं, आणि दोन्हीत मूठमूठ तुरीची डाळ. बोरीची डाळ मऊ शिजली, विहिरीची गोट्यांसारखी राहिली. दोन्ही भांडी माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "डाळीला कळतंय ते तुमाला कळंना व्हय?" तू हसलास. मला ते हसणं लागलं. मी म्हणालो, चुलीपुढच्या अकलेवर मोटारी चालत नाहीत. त्यानंतर ती पाण्याविषयी एक अक्षर बोलली नाही.

मग निळ्या मोटारीवर पांढरे डाग उठले. बलभीम ड्रायव्हर म्हणाला, "काय पंचाक्षरी, आमची मोटार लिंगायत कधी झाली? इभूत लावून दिलीस की!" आम्ही सगळे हसलो. पण मोटारीच्या मालकाला हे कळल्यावर हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला, रंग गेला म्हणून चार लोकांसमोर बोलला, आणि मी म्हणालो की शिवलिंगानं साबण उन्हात वाळू दिला. तू मोटार लिंबाच्या सावलीत घेऊन पुसली होतीस. मी ते पाहिलं होतं. तुझी अक्काही दारात उभी होती. तू हातातलं फडकं पिळून दोरीवर नीट वाळत घातलंस आणि काम सोडून सोलापूरला गेलास.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः एक मोटार सावलीत धुतली, लगेच पुसली. डाग आलेच. पंपाची तोटी उघडली तर आत पांढरा थर, घंगाळात बसतो तसा. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही. बोरीचं पाणी मात्र गुपचूप आणायला लागलो. आज सगळे म्हणतात पंचाक्षरीच्या हातची मोटार आरशासारखी निघते. ती रीत तुझी आहे.

आता राहिलेलं लिहितो. ताप चढला त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझी अक्का म्हणाली, "शिवलिंगाला खरं काय ते लिवा, आन बोलवून घ्या." मी हो म्हणालो. संध्याकाळी तिनं विचारलं, "लिवलं का?" मी म्हणालो, लिहिलं, टाकलंसुद्धा. मी लिहिलं नव्हतं. कागद घेऊन बसलो होतो, पण माझ्या हातानं माझा खोटेपणा उतरेना. त्यानंतर अकरा दिवस टपालाच्या मोटारीचा भोंगा वाजला की ती उशीवर मान वळवून दाराकडे बघायची, आणि मी बाहेर जाऊन रिकाम्या हातानं परत यायचो. शेवटच्या दिवशी म्हणाली, "लई राग धरला त्यानं. धरू द्या. लहान हाय." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. भावानं उत्तर दिलं नाही असं समजूनच ती गेली. शिवलिंग, तिनं तुझं नाव रोज घेतलं. जे पत्र तिनं सांगितलं होतं, ते हे. तू मला काहीही बोल, पण तिच्यावर राग ठेवू नकोस. आणि उत्तर लिहिलंस तर पाकिटावर तिचंच नाव घाल. टपालाच्या मोटारीवर ते घ्यायला मी जाईन.

तुझाच,
पंचाक्षरी