जिन्याचा कठडा

प्रिय आत्या,

जिन्याचा कठडा निखळून तू पडलीस, त्याबद्दल तुझ्या मुलाची आमच्या कमिटीवर भरपाईची नोटीस आल्यापासून सोसायटीचे वकील मला रोज बजावतात, "सेक्रेटरीबाई, त्यांच्या तब्येतीची चौकशी करा, पण माफी मागू नका. माफी म्हणजे कबुली. मग कमिटीतल्या पाचही जणांना घरं विकावी लागतील." खजिनदारकाका वैतागून म्हणतात, "लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या, आता चटकेही खा!"

काल तुझा फोन आला. "अगं, पाय माझा मोडलाय, तुझा नाही. यायला काय धाड भरली?" मी म्हटलं, कामात आहे. खरं तर सकाळपासून एकच कपाट तिसऱ्यांदा आवरत होते.

आत्या, तू पडलीस त्याच्या आठवडाभर आधी तो कठडा माझ्या हाताखाली हलला होता. पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ, असं मनाशी म्हणून मी वर निघून गेले. हे कुणालाच माहीत नाही.

पत्र टाकणार नाही. बाकी चौघांनी काय पाप केलंय? पण उद्या तुझ्याकडे येते. तुझ्या पायाशी बसेन, धड असलेला पाय चेपून देईन. फक्त कठड्याचं काही विचारू नकोस.

नाही, विचारच.

तुझीच,
ठकू