करडईचं तेल, तुझ्या हाताला

माय, आज न्हाऊन आले आणि अंगणात उन्हाला बसून टाचांपासून मानेपर्यंत करडईचं तेल चोळलं. नवरा जाऊन लय वर्षं झाली, तरी लावते. तुला पटणार न्हाई, ठाऊक हाय. तरी लावते.

करडई काढायचे दिवस आठवतात. दवानं काटे नरम असतात म्हणून तू तांबडं फुटायच्या आत पोखर्णीच्या वाटेवरल्या रानात जायचीस, हाताला चिंध्या गुंडाळून. ऊन चढलं की काटे ताठ, चिंध्यांतून आत. घरी येतेस तेव्हा बोटं रक्ताळलेली, तळहाताला भेगा. आणि तशीच पाय लांब करून बसतेस, जावेचं बाळ पायांवर घेतेस. त्याच करडईचं घाण्यावरून आणलेलं तेल वाटीत कोमट केलेलं असतं. थंडीनं फुटलेले गाल, खरबरीत पाठ, सगळं त्या तेलानं मऊ व्हायचं. गावातल्या बाळंतिणी तुलाच बोलवायच्या. पण बाळ पायांवरून उचललं की तू चुलीतली राख घेऊन हात खसाखसा घासायचीस. विधवेच्या अंगाला तेल लागू नये, असं बा गेला तेव्हाच तुझ्या थोरल्या जावेनं बजावलं होतं. भेगांत राख जायची.

एका फाल्गुनात तुझी बोटं पिकली, भाकरी थापता येईना. हात चालले न्हाईत तर तुझ्या दिराच्या घरात आपल्या मायलेकींना कोण ठेवून घेणार? मी वाटी उचलली, तुझे दोन्ही हात धरून तेल चोळलं. तुझी थोरली जाऊ दारात येऊन उभी राहिली. तू हात हिसकलेस.

"मला लावू नको. लोकं तुला नावं ठेवतील."

मला! आणि उठून राखेकडं गेलीस. माय, मला तुझा राग आला होता, अजून हाय. काटे तुझ्या हाताला आणि तेल जगाच्या अंगाला, हा कुठला न्याय?

निजामाचं राज्य गेलं त्याच साली तू गेलीस. गावात गूळ वाटायलेले, आणि मी तुझे हात मांडीवर घेऊन बसलेली. वाटीभर तेल जिरवलं त्या भेगांत. तेव्हा मात्र कोणी अडवलं न्हाई.

माझ्यावर तीच पाळी आली तेव्हा नणंदेनं तेलाची वाटी उचलून फळीवर ठेवली. मी सगळ्या बायांदेखत ती खाली घेतली. म्हटलं, "वन्सं, नवरा मेल्याचं कातड्याला कळत न्हाई. थंडी तेवढी कळती." वर्षभर बोलल्या न्हाईत. नका बोलू. माझ्या टाचा फुटल्या न्हाईत. आता नात माझा तळहात स्वतःच्या गालाला लावते, म्हणते, आजी, लय मऊ हाय.

हा कागद कुठं धाडायचा न्हाई, म्हणून सांगते. मी कोणाला भ्याले न्हाई. पण वाटी हातात घेतली की अजून दाराकडं बघते. वाटतं, तू येशील, मी तेल पुढं करीन, आणि तू पुन्हा हात मागं घेशील.