जुईलीची बिनऔषधाची झाडं

अकोला

हो रे देवानंदा, जेवतो मी बराबर. जुईलीची भाजी अळणी असते, तरी तुह्या बायकोपेक्षा बरी!

पोरगी मात्र जेवून नाही राहिली. नवरा करायचं सोडून सात वर्षं लॅबमधी तांब्यासंगं संसार केला, तांबं रसायनात गुंफून डिंक्या रोगावर औषध बनवलं. आपल्या बगीच्यातल्या अर्ध्या संत्र्याईले दिलं, अर्धी फरक पाहासाठी बिनऔषधाची ठेवली. आता सारीच सारखी बरी झाली. म्हणते, "आई, माह्या औषधात गुणच नाही." उद्या सरांले सांगून रिसर्च सोडणार हाये.

तुहा गुडघा कसा हाये?

ती बिनऔषधाची झाडं तुह्या भाऊजीनं जायाच्या आधी शेवटच्या साली लावली होती. ती रोगानं वाळताना मले पाहवलं नाही. त्याईच्या बुडाशी मीच चोरून मोरचुदाचं पाणी ओतलं, तेही तांबंच, अन् तिले सांगाची हिंमत होऊन नाही राहिली.

तुही अक्का