गेवराईची गोळी

अंबाजोगाई
दि. १३ एप्रिल २००४

ती. दादांस विमलचा शि. सा. न. वि. वि.

काल आपल्या गावचा धुळाजी सुनेला घेऊन आमच्या दवाखान्यात आला होता. तुम्ही दूध संस्थेच्या सभेत भाषणाला उभे राहिलात आणि माईकसकट खाली पडलात, हे मला त्याच्याकडून कळावं? फार राग आला. बावीस वर्षं सिस्टरची नोकरी केली, पण घरच्या माणसाचं नाव निघालं की माझाच धीर सुटतो.

आमच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीत दिलेली रक्तदाबाची गोळी रोज झोपताना घेता ना? दुसरं काही औषध चालू आहे का? संस्थेच्या फोनभोवती चार जण कान लावून असतात, म्हणून पत्र लिहिते. खरं कळवा. वहिनींना नमस्कार.

तुमची,
विमल


वडवणी
दि. १७ एप्रिल

चि. सौ. विमल हिस अनेक उ. आ.

पत्र पोचलं. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. दीड तास मांडवात बसून एकदम उठलो, डोळ्यांपुढं अंधारी आली, इतकंच. गोळी तुझीच घेतो, दुसरं काही नाही.

पडल्याचं दुखणं गेलं, राहिलं ते वेगळंच. संस्थेतल्या विरोधी गटाचे मोहनराव मांडवातच ओरडले, "चेअरमन पिऊन आलाय. उचला बे त्याला." माझ्या गळ्यात माळ आहे. गावातलं दारूचं दुकान मीच उठवलं. आता टँकरला उभ्या बायासुद्धा मला बघून तोंड फिरवतात. २६ तारखेला मला काढायचा ठराव आहे. तो झाला की संस्थेची चारा छावणी मोहनरावांच्या हातात जाईल आणि आपल्या बाजूच्या लोकांची जनावरं आधी बाहेर निघतील. काही सुचत नाही.

माया आहेच, राग तेवढा कमी कर.

उत्तरेश्वर


अंबाजोगाई
दि. २० एप्रिल

ती. दादांस शि. सा. न.

वहिनींचं पाकीट आलं. तुमच्या सदऱ्याच्या खिशात सापडलेली गोळ्यांची पट्टी त्यांनी पाठवली आहे, गेवराईच्या मेडिकलच्या पुडीसकट. "ह्यांना इचारलं तर अंगावर आले, तुमीच बघा," असं लिहिलंय.

पट्टी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी विचारलं, भावाला लघवीचा त्रास आहे का? सख्खी बहीण असून मला ठाऊक नव्हतं. दादा, ही वाढलेल्या प्रोस्टेटची गोळी आहे आणि आम्ही दिलेली रक्तदाबाची गोळीही त्याच जातीची. एक लघवीची वाट सैल करते, दुसरी रक्तवाहिन्या, आणि दोन्ही मिळून उभ्या माणसाला आडवं करतात. मांडवात पडलात म्हणून लोकांनी उचललं. विहिरीच्या काठावर पडला असतात तर? वडवणीत ओळखतील म्हणून गेवराई गाठलीत, आणि तिथल्या डॉक्टरांनाही आमची गोळी सांगितली नसणार.

गेवराईची गोळी आजपासून बंद, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. शुक्रवारी इकडे या, तपासून ते एकच काय ती ठरवतील. तोवर उठताना आधी खाटेवर बसा, मग उभे राहा. पुरुषांना लघवीच्या नळ्या घालणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तुम्ही माझीच लाज धरलीत. मला रडू आलं.

आणि सभेत खरं सांगा. दारुडा म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं.

हे पत्र एसटीच्या ड्रायव्हरजवळ देते आहे. या, मग भांडू.

विमल


वडवणी
दि. ३० एप्रिल

चि. सौ. विमल हिस अनेक उ. आ.

डॉक्टरांनी ठरवलेली एकच गोळी झोपताना घेतो. चक्कर नाही.

सभेत उभं राहायच्या आधी खुर्चीच्या कडेला दोन मिनिटं बसून राहिलो, तर लोक म्हणाले, आजही घेऊन आला वाटतं. पुढं बायका होत्या, तुझी वहिनीही. तुझ्यासमोर लपवलं ते साऱ्या गावासमोर कसं बोलावं? शेवटी उठून म्हणालो, "मी प्यालो नव्हतो. मला लघवीचा त्रास हाय. दोन डॉक्टरांच्या दोन गोळ्या घेतल्या, एकाची दुसऱ्याला सांगितली न्हाई, म्हणून पडलो." मागं कोणी तरी हसलं. वहिनीनं मागं वळून असं पाहिलं की तेही थांबलं. ठराव पडला, पण चारच मतांनी, तेव्हा फुशारकी नको.

काल मोहनराव घरी आले. चहा झाला, चाऱ्याचं बोलणं झालं, तरी उठेनात. वहिनी आत गेल्यावर खाली बघत म्हणाले, "त्यातल्या गोळ्या उरल्यात का?" घरात दुसरी पट्टी होती, पण मी दिली नाही. चांगलं सुनवायचं ठरवलं होतं, पण त्यांचं तोंड बघून राग राहिला नाही. तुझा पत्ता लिहून दिला. गुरुवारी येतील.

अशीच भांडत जा.

तुझा दादा

ता. क. मोहनराव गुडघे दुखतात म्हणतील. समजून घे.