बनसोडेंच्या पाळीतच बंद पडणारं मशीन

१९ जाने. ९८, सांगली
कोरेगावकडच्या साखर कारखान्यातून परत फोन. ऊस-काट्याचं मशीन पुन्हा गारठलं. मॅनेजर म्हणे, "त्या बनसोडेच्याच पाळीत कसं वो हुतंय? लिंबू-मिरची बांधलीया आता." कॉम्प्युटरला! मग आवाज खाली आणून, "ह्या लोकांचा हात लागला की..." मी फोन आपटला. सरांनी मलाच झापलं. गिऱ्हाईक आहे म्हणे.

२३ जाने., कारखाना
मशीनची मेमरी हळूहळू गळतेय: घेतलेली जागा परत मोकळी होत नाही, पार संपली की मशीन गारठतं. आमचा प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला, स्वच्छ. बनसोडेंना काट्यावरून काढून गेटवर उभं केलंय. बी.कॉम. माणूस. "म्याडम, मी काय बी केलं न्हाई. उठताना लॉगआउट करून उठतो, एवढंच. माझ्या नावावर दुसऱ्यानं वजन टाकलं तर नोकरी जायची माझी." बाकीचे मशीन दिवसभर उघडंच टाकतात. नियम पाळणारा हा एकटा, आणि गेटवरही हाच!

२५
सापडलं!! दोष थेट कर्नलमध्ये, म्हणजे सगळे प्रोग्राम ज्याच्यावर चालतात त्या मशीनच्या गाभ्यात. काट्यावरून वजन आत येतंय आणि नेमकं त्याच क्षणी लॉगआउट झालं, तर घेतलेली मेमरी सोडायचं काम वजन घेणारा भाग आणि लॉगआउट एकमेकांवर ढकलतात. कुणीच सोडत नाही. एरवी क्वचित घडेल. पण बनसोडे दर चहा-पाण्याला लॉगआउट करणार, आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, वजनं सारखी आत येतच असणार...
सर: "कर्नलला हात लावायचा नाही." का? देव आहे का तो?

२८
लावला हात. वजनाची नोंद पूर्ण होईपर्यंत लॉगआउटला थांबवायचं, बस्स. काल ऑफिसात दिवसभर खोटी वजनं सोडून बघितली, गळती नाही. आज कारखान्यात बसवून आले. लिंबू काही काढू दिलं नाही.

९ फेब्रु.
मॅनेजर खुशीत. "बघा, बनसोडेला हलीवला, मशीन एकदा बी बंद न्हाई!" अरे गाढवा, तो नाही म्हणून लॉगआउटच नाही! माझ्या दुरुस्तीची खऱ्या काट्यावर परीक्षा झालीच कुठे? म्हटलं, त्यांना परत बसवा. "कशाला इषाची परीक्षा?" सर म्हणतात, विषय संपला. डोकं फिरलंय माझं.

१० फेब्रु., कारखाना
सरांना न सांगता पहिली एसटी धरली. गेटवर बनसोडे. म्हटलं, चला काट्यावर. "नगं म्याडम. परत बंद पडलं तर गेटवरनं बी जाईन." आतून मीही घाबरले होते. तरी नेलंच. मॅनेजर ओरडला, मी दुप्पट ओरडले.
आता बनसोडे खुर्चीवर आहेत. मॅनेजर दारात, हाताची घडी घालून. काट्यावर गाडी चढतेय. चहा आला आणि बनसोडे सवयीनं लॉगआउट करून उठले. मॅनेजर माझ्याकडे बघतोय, मी मेमरीच्या आकड्याकडे. गळती असलीच तर हळूहळू दिसेल; संध्याकाळपर्यंत इथून हलणार नाही.